दीड तासाचं बंगळूर

निघण्याआधी

ठाण्यातल्या आमच्या घरापासून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत टॅक्सीला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात विमानाने आम्हाला बंगळूरला नेऊन टाकलं. हे मी ज्याला सांगते तो हसतो. हसा खुशाल! मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर दोरा धरून, मग तो पट्टीवर ताणून अंतर कसं मोजायचं हे मुलांच्या किती पिढ्यांना शिकवलं असेल कोण जाणे. मुंबई ते बंगळूर सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरच्या आतबाहेर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण ते पाठ असणं वेगळं आणि पेपर वाचून होईतो तिथे उतरणं वेगळं. मी अजून त्यातून सावरलेली नाही. आणि सावरलेली नाही ती एवढ्याच एका गोष्टीतून नव्हे.

प्रवासी आम्ही दोघंच. मी, आणि माझा धाकटा भाऊ विनायक, म्हणजे आमचा विनू. विनू पुलांचा इंजिनियर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. त्याची बायको मुलगी कॉलेजात असतानाच गेली, तेव्हापासून मी त्याच्याकडेच राहते. मुलगी मंजिरी, एकुलती एक. लग्न होऊन चार वर्षं झाली, नवऱ्याबरोबर बंगळूरला असते. जावई समीर तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. आणि या चार वर्षांत विनूने लेकीच्या घराचा उंबरठा पाहिलेला नव्हता!

कारण ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आता कोण पाळतं? विनू पाळतो. जो माणूस देवळात जात नाही, ग्रहणात मुद्दाम कांदाभजी तळायला लावतो, तो ही एक रीत घट्ट धरून बसलाय. का, तर आमच्या आईच्या वडिलांनी ती पाळली होती, आणि आई ते सांगताना दर वेळी डोळे पुसायची. "त्यांच्यासारखी एक गोष्ट तरी माझ्या हातून होऊ दे की," म्हणतो. आता बंगळूरला रेल्वेने जायचं म्हणजे पुरा एक दिवस आणि वर एक रात्र. तिथे पोचून उपाशी परत फिरायचं कसं? म्हणून मग जायचंच नाही, असा यांचा हिशेब.

त्यात गेल्या श्रावणात विनूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि मंजिरी आली नाही. जावई एकटा आला, दिवसभर हॉस्पिटलच्या बाकावर मुकाट बसला आणि संध्याकाळच्या विमानाने निघून गेला. "मंजूला सुट्टी मिळाली नाही," एवढंच म्हणाला, तेही खाली बघून. बापाची छाती उघडलीय आणि लेकीला सुट्टी नाही! मी हतबुद्ध झाले. शुद्धीवर आल्यावर विनूने पहिलं काय विचारलं असेल, तर "मंजू आली?" तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "दीड तासाचं तर विमान आहे गं ताई. दीड तासाचं." दिवाळीलाही ती आली नाही. फोन करायची, पण बोलणं औषधं घेतलीत का, याच्यापुढे सरकत नसे. तोही हो म्हणून रिसीव्हर ठेवून द्यायचा.

संक्रांत झाली आणि तिचा फोन आला. "बाबा, एकदा या ना. आत्यालाही आणा. मला तुम्हाला माझ्या हातचं जेवायला घालायचंय." विनूने रिसीव्हर माझ्या हातात दिला. हा समोरून नको नको म्हणून हात हलवतोय, आणि मी म्हटलं, "येतो गं आम्ही. कधी येऊ सांग."

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी स्वारी एकदम खुशीत. त्याने नव्या विमान कंपन्यांकडे चौकशी केली होती म्हणे. सकाळचं विमान पकडायचं, संध्याकाळचं परतीचं. "घरून पोहे खाऊन निघायचं ताई, आणि रात्री घरी येऊन आमटीभात. मध्ये तिची भेट होते, घर बघून होतं, आणि अन्नाचा कण पोटात जात नाही." नदीवर पूल टाकल्यासारखा चेहरा केला होता त्याने.

"आणि मी?" मी विचारलं.

"तूही खायचं नाहीस."

"का म्हणून? कन्यादान तू केलंस. आत्याने उपाशी राहावं असं कुठे लिहिलंय ते दाखव."

ते त्याला दाखवता आलं नाही. मी जेवणार हे ठरलं.

आकाशात

आम्हा दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास. पट्टा बांधायला मला हवाई सुंदरीने मदत केली, विनूने मात्र "मी इंजिनियर आहे" म्हणत शेजारच्याचाच पट्टा ओढून घेतला आणि बराच वेळ त्याच्याशी झटापट केली. शेजारचा गृहस्थ सज्जन होता, हसून त्याने आपली बाजू सोडवून घेतली.

मी खिडकीशी. विमान उडालं, खाडी गेली, डोंगर आले, आणि मी अक्षरशः ओरडले, "विनू, सह्याद्री!" पुढच्या दोन रांगा मागे वळून बघायला लागल्या. बघू देत. मी फळ्यावर रंगीत खडूने जो काढत आले तो खाली खराखुरा पसरला होता. पश्चिमेला तुटलेला कडा, पूर्वेला हळूहळू उतरत गेलेलं पठार, अगदी मी शिकवायची तसंच! इतकी वर्षं शिकवूनही मला आतून कुठेतरी वाटायचं की नकाशा हे आपलं समजुतीपुरतं असणार. तो खरा निघाला म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. पुढे मातकट रानं, त्यात पाण्याची तळी, आणि वाळूतून निघालेला एक बारीक चकाकता पट्टा. ती कृष्णा असावी. विचारलं तर विनू म्हणाला, "ओढा आहे." त्याचं लक्ष ताटलीत होतं.

कारण विमानात नाश्ता आला होता. विनूने स्वतःचा सगळा संपवला, पाव, लोणी, कटलेट, फळांचे तुकडे, सगळं. मग माझ्याकडे वळला. "तुला तर मंजूकडे जेवायचंय ना? मग हे कशाला वाया घालवतेस?" आणि माझीही ताटली रिकामी केली. बाटलीत पाणी भरून घेतलं ते वेगळंच. वाळवंटात निघालेला माणूस दिसत होता अगदी.

तेवढ्यात उतरण्याची सूचना झाली. मी घड्याळ बघितलं आणि कानाला लावलं. मला वाटलं बंद पडलंय.

इंदिरानगर

बंगळूरचा विमानतळ गावातच आहे. शिडी उतरलो आणि दोघंही जागीच थबकलो. उन्हं चढली होती आणि वारा गार! बाहेर माणसं माकडटोप्या आणि मफलर घालून हिंडत होती. आमच्याकडे महाबळेश्वरला जाऊनही कोणी एवढं गुंडाळून घेत नाही. समीर न्यायला आला होता. तो वाकून नमस्कार करायला लागला तेव्हा विनू म्हणाला, "असू दे, असू दे," आणि दुसरीकडे बघायला लागला. श्रावणातला तो बाक अजून दोघांच्या मध्ये होता.

रिक्षावाल्याने समीरला पाहिल्याबरोबर विचारलं, "तिंडी आयता?" समीर म्हणाला, आयतू. मी विचारलं, काय म्हणाला तो?

"नाश्ता झाला का, विचारतोय."

"ओळखीचा आहे?"

"नाही हो आत्या. इथे असंच विचारतात. सकाळी तिंडी आयता, दुपारी ऊटा आयता. जेवलात का, असं. आपण कसं काय बरंय ना म्हणतो तसं."

मी चकित! मुंबईत अनोळखी रिक्षावाला आपल्या पोटाची चौकशी करील तर आपण मीटर तपासू. विनूचा चेहरा मात्र कडू झाला. आणि गंमत अशी की त्या दिवसभर त्याला हा प्रश्न जो भेटेल तो विचारत गेला. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरची फुलवाली, सगळे. ऊटा आयता? ऊटा आयता? संध्याकाळपर्यंत तो एवढा वैतागला की फुलवालीला शुद्ध मराठीत म्हणाला, "बाई, माझ्या जेवणाची पंचाईत तुम्हाला कशाला?" तिने हसून मान डोलावली आणि मला एक गजरा दिला.

मंजिरी फाटकात उभी होती. अर्धी झाली होती पोर! गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं. "अगं, काय दशा करून घेतलीस?" मी म्हटलं. ती नुसतीच हसली आणि मला घट्ट धरून राहिली, जरा जास्तच वेळ. मग बापाकडे वळली. चार वर्षांनी बाप दारात आलाय, आणि तो म्हणतो काय, तर "विमान अगदी वेळेवर आलं हो!"

घर वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, तांबड्या गुळगुळीत फरशीच्या, चेहरा दिसेल अशा. खाली घरमालकीण. स्वयंपाकघरातून असा वास येत होता की मी चपला काढता काढताच जेवायला बसायच्या बेतात होते. भरली वांगी, अळूवड्या, मसालेभात, इकडच्या ओल्या पावट्यांची उसळ. एकूण एक पदार्थ विनूच्या आवडीचा. मंजिरीने तीन पाट मांडले.

"दोनच मांड," विनू म्हणाला. "तुला माहितीय ना."

"बाबा, पाणी तरी?"

"आणलंय." आणि त्याने पिशवीतून विमानातली ती बाटली काढली! लेकीच्या घरात बसून, लेकीसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वकिली सुरू केली. "अरे विनू, हे घर मंजूचं कुठे आहे? भाड्याचं आहे. मालकीण खाली राहते. तू कायद्याने दुसऱ्याच कोणाच्या घरी जेवशील."

"तांदूळ मंजूचा आहे."

"बरं, तांदूळ सोड. पावटे?"

"ताई, चेष्टा करू नकोस." त्याने पेपर उघडला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी जेवले, खोटं कशाला बोलू, आणि वांगी अप्रतिम झाली होती. पण तो पाठमोरा बसलेला दिसत होता, म्हणून दुसऱ्यांदा मागितली नाहीत. मंजिरी मागून बसली, पण पानात नुसती बोटं फिरवत होती.

जेवण झाल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोल की," तो म्हणाला आणि घड्याळ बघितलं. "फक्त चारला निघायला हवं आपल्याला. उशीर नको."

"नंतर बोलू," म्हणाली आणि ओटा पुसायला गेली. ओटा आधीच स्वच्छ होता.

खालचा मजला

इतक्यात खालून हाक आली. "मंजिरी, पाहुण्यांना घेऊन ये की गं खाली!"

मराठी! मी गॅलरीतून वाकून बघितलं. ठसठशीत कुंकू लावलेली, सत्तरीची एक बाई उभी होती. या घरमालकीणबाई, सगळे त्यांना अक्का म्हणतात. मला वाटलं कोल्हापूर-बेळगावकडून सून होऊन आल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, "छे हो! आमी इथलेच. आमचे लोक साडेतीनशे वर्षांमागं घोड्यावरनं आले बघा. परत जायाचं राहून गेलं." साडेतीनशे वर्षं! आमच्या सोसायटीत तिसरी पिढी मराठी बोलताना अडखळते, आणि या बाईंच्या घरी देवासमोरची आरतीसुद्धा मराठीत. मध्ये मध्ये कानडी पेरलेलं असतं, पण त्यांना ते कानडी आहे हेही माहीत नसावं. मी तर त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

त्यांनी तीळ, गूळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याच्या बारीक काचऱ्या यांचं मिश्रण बशीत घालून आणलं. इकडे लाडू वळत नाहीत, असंच सुटं वाटतात. "स्वल्प घ्या की," म्हणाल्या. आणि विनूने घेतलं! नुसतं घेतलं नाही, मूठभर घेतलं, संपवलं, परत घेतलं. वर पेलाभर ताक प्यायला. दुपार उलटून गेलेली, पोटात कावळे ओरडत असणार.

"वर जेवला न्हाई का तुमी?" अक्कांनी विचारलं. मग हा सांगायला लागला. रीत, आजोबा, आई, सगळं. अगदी अभिमानाने. "एकदा मंजूला मूल झालं की मी येऊन महिनाभर तिच्याकडेच जेवणार आहे," असंही म्हणाला.

अक्कांचा बशी धरलेला हात तसाच राहिला. त्या विनूकडे बघत राहिल्या, मग मंजिरीकडे. चेहरा असा झाला, जणू कोणीतरी त्यांना भलतंच काही सांगितलंय. भरभर कानडीत त्या मंजिरीला काहीतरी म्हणाल्या. मंजिरीने मान हलवली. "बेडा अक्का," म्हणाली. मग पुन्हा, हळू, "बेडा."

"बेडा म्हणजे काय गं?" जिना चढताना मी विचारलं.

"नको."

"काय नको?"

"काही नाही आत्या," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. मला चैन पडेना.

उभ्याने जेवण

विमानतळावर गेलो तर आमच्या विमानात बिघाड! आता उद्या सकाळी जा, म्हणाले. विनू काउंटरवरच्या मुलीशी भांडला, मग तिच्या साहेबाशी भांडला, मग एकटाच खुर्चीवर जाऊन बसला. एवढा पक्का हिशेब, आणि बोल्ट ढिला निघाला कुठला तरी. मी मनातून खूश झाले. म्हटलं, आता बघू किती वेळ उपाशी राहतोस.

पण हा कसला वस्ताद! इंदिरानगरात परत आल्या आल्या म्हणाला, "इथे जवळ हॉटेल कुठलं?" मंजिरी म्हणाली, "दुपारचं सगळं आहे बाबा, मी गरम करते." तो म्हणाला, "तू नको त्रास घेऊस," आणि निघालासुद्धा. समीरला विमान कंपनीला फोन करायचा होता, तो घरी थांबला. आम्ही दोघी विनूच्या मागून.

कोपऱ्यावरचं ते उपाहारगृह म्हणजे माझ्यासाठी आणखी एक धक्का. आत एकही खुर्ची नाही! छातीएवढी उंच गोल टेबलं, आणि चांगली टाय लावलेली, रेशमी साड्या नेसलेली माणसं उभ्याने खातायत. कोणी तक्रार करत नाही. शेजारी दोघांनी मिळून एकच कॉफी मागवली, ती पोऱ्याने मुकाट दोन पेल्यांत अर्धी अर्धी करून दिली आणि ते दोघं अर्ध्या अर्ध्या कॉफीवर आरामात गप्पा मारत उभे राहिले. आमच्याकडे अर्धी कॉफी मागितली तर मालक गल्ल्यावरून उठून येईल. इडली मात्र अशी की जिभेवर ठेवली आणि गेली.

विनू खात सुटला. इडली, वडा, डोसा, केशरी शिरा. डॉक्टरांनी वडा बंद केलाय हे त्याला आठवलं नाही, आणि मी आठवण दिली तर माझ्यावर डोळे वटारले. मंजिरी काही न घेता शेजारी उभी होती. एकदा चटणी संपली तशी तीच काउंटरवर गेली आणि वाटीत चटणी घेऊन आली, त्याच्या ताटलीत वाढली.

"मी वाढलेली चालते ना बाबा?" तिने विचारलं.

"हो, हॉटेलचीच आहे की," हा हसत म्हणाला.

त्या क्षणी मला त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. साठी उलटलेल्या, छाती शिवलेल्या भावाच्या. हात नुसता शिवशिवत होता माझा.

सकाळ

दुसऱ्या दिवशी विमान नऊच्या सुमाराचं. विनू लवकर उठला, आंघोळ केली, बूट चढवून बैठकीत येऊन बसला. समीर रिक्षा आणायला निघाला होता, तेवढ्यात मंजिरी म्हणाली, "थांब जरा." तिने मधोमध एक पाट मांडला. समोर ताट ठेवलं. वरणभात, तूप, लिंबाची फोड, कालच्या अळूवड्या परतून. इतक्या सकाळी! रात्रभर झोपली नव्हती हे दिसतच होतं.

"बाबा, बसा."

"मंजू, हट्ट करू नकोस गं. मी काय कायमचं नाही म्हणतोय? तुला मूल होऊ दे. बारशाला येतो की नाही बघ. पहिल्या पंगतीला बसतो."

"मूल झालंय बाबा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विनू हसला, अर्धवट. "काय म्हणालीस?"

"मला मूल झालंय. श्रावणात. मुलगी झाली होती."

समीर दारातच खाली बसला. मंजिरीच बोलत होती, वरणाची पळी हातात धरून, अगदी सपाट आवाजात. पहिले महिने जड गेले म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. सहावा महिना सरला की ठाण्याला येऊन, समोर बसून सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी तिला खाटेवरून उतरायला बंदी केली, आणि त्याच आठवड्यात विनूच्या छातीचं निघालं. "तुम्हाला तेव्हा कसं सांगणार होते मी? समीर तुमच्याकडून परत आला आणि पहाटे मला कळा सुरू झाल्या. साडेसहा महिन्यांची होती. एक दिवस आणि एक रात्र राहिली. काचेच्या पेटीत होती. अक्का बसून होत्या बाहेर."

आणि आम्ही तिकडे काय म्हणत होतो? सुट्टी नाही म्हणे! दीड तासाचं विमान! मी भिंत धरली.

"अगं पण नंतर?" मी कशीबशी म्हटलं. "नंतर का नाही बोललीस? इतके महिने?"

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का आत्या? म्हटलं, बाबांना बोलवावं, जेवायला बसवावं. वाढता वाढता सांगावं. काल तेच करणार होते." तिचा आवाज तिथे फुटला. "बाबा जेवायला बसलेच नाहीत."

विनूचा चेहरा मी लहानपणापासून बघत आलेय. असा कधी पाहिला नव्हता. रंग पार उडालेला. माझा हात आपोआप त्याच्या गोळ्यांच्या डबीकडे गेला. त्याने तो बाजूला सारला.

"नात झाली मला?" त्याने विचारलं.

"हो बाबा."

"कशी होती?"

"एवढीशी." तिने वीतभर हात केला. "केस भरपूर होते. कपाळ मोठं. अक्का म्हणाल्या, फोटोतल्या आजोबांसारखं, म्हणजे तुमच्यासारखं आहे."

विनूने बूट काढले. उठून मोरीत गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणून मी बघायला गेले, तर हा नळाखाली हात धरून, साबण लावून, बोटातली लग्नातली अंगठी ओढत होता. ती कित्येक वर्षांत निघाली नव्हती. बोट लाल झालेलं. "अरे, काय करतोयस?"

"नातीचं तोंड सोन्याने बघायचं असतं, ताई," तो म्हणाला, आणि तोंडावर पाणी मारलं.

अंगठी निघाली. त्याने ती मंजिरीच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटून आपल्या दोन्ही हातांत धरली. "ही तिची," म्हणाला. मंजिरी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, ओक्साबोक्शी. मला वाटतं, तेव्हापासून पहिल्यांदाच मोकळं रडली. समीर उठून आत आला तसं विनूने त्यालाही जवळ ओढलं. "तू त्या बाकावर बसला होतास," एवढंच म्हणाला.

मग डोळे पुसून माझ्याकडे वळला. "ताई, आपण आज जात नाही. घरात बाळंतीण आहे. माहेरचं कोणी नको का तिच्याजवळ?"

असं म्हणून तो पाटावर बसला. "वाढ मंजू," म्हणाला. वरणभात निवला होता. ती गरम करते म्हणाली, तर नको म्हणाला. पहिला घास घेतला, आणि वरून डोळ्यांतलं पाणी भातात पडत होतं, ते पुसायलाही थांबला नाही. मंजिरीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो त्याने घटाघटा रिकामा केला.

नऊच्या सुमारास एक विमान गेलं, इतकं खालून की खिडकीच्या काचा थरथरल्या. आमचंच असणार, दोन रिकाम्या जागा घेऊन मुंबईला निघालेलं. कोणी वर पाहिलं नाही. विनूने ताट पुढे सरकवलं आणि आणखी भात मागितला.